शेजारच्या आजीची कूस आणि रविवारची उपासना

नवापूर तालुक्यातली एक बाई, ख्रिस्ती मंडळीची (चर्चची) जुनी सभासद. शेजारच्या हिंदू आजीला लकवा मारलेला, मुलगा सुरतेला कामाला. आजीचं सगळं हीच करायची, त्यात लागोपाठ तीन रविवारच्या उपासना चुकल्या. मंडळीच्या वडीलजनांनी टोकलं. त्यात आजी दिवेलागणीला देव्हाऱ्याकडे बघून म्हणे, "दिवा लाव व माय." बाईंचा प्रश्न एकच: दया करता करता विश्वास तर सुटत नाही ना?

बायबलमधला चांगल्या शोमरोन्याचा दाखला (लूक 10) त्यांना तोंडपाठ होता: लुटारूंनी मारून टाकलेल्या माणसाला बघून याजक (मंदिरातला पुरोहित) टळून गेला, परका शोमरोनी मात्र थांबला. पण त्यातला याजक यरुशलेमहून यरीहोकडे 'खाली' चालला होता, म्हणजे मंदिराकडे पाठ करून. उपासनेला उशीर होतोय, ही सबबही त्याच्याकडे नव्हती. शोमरोन्याने जखमा बांधल्या, रात्र काढली, सकाळी उतारशाळेवाल्याच्या हातावर दोन दिनार (दोन दिवसांची मजुरी) ठेवले, परत येईन म्हणाला आणि आपल्या वाटेने गेला. काम त्याने दुसऱ्याकडे सोपवलं. बाईंचं चुकत होतं ते इथे: सगळं एकटीने ओढायचं, मग चिडायचं, मग चिडल्याचंही पाप वाटायचं.

चार घरांत पाळ्या लावल्या. रविवारी साडेनऊ ते साडेबारा समोरच्या घराची. कूस दर दोन तासांनी बदलायची. पहिल्या आठवड्यात कोणी नोंद केली नाही, आजी दोन पाळ्या एकाच कुशीवर राहिली आणि खुब्यावर लाली आली. बोटाने दाबूनही फिकी न पडणारी लाली ही अंथरुणाला खिळून होणाऱ्या जखमेची (बेडसोर) सुरुवात. तिथे चोळायचं नाही, त्या बाजूवर भारही द्यायचा नाही. मग भिंतीवर तक्ता लागला: वेळ, कूस, कोण. जेवण बसवूनच, नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. पाणी पिताना ठसका लागला तर बळजबरी न करता दवाखान्यात विचारायचं.

दिव्याचं काय? 'मला यज्ञ नको, दया पाहिजे' हे होशेय संदेष्ट्याचं वचन येशूने मत्तयाच्या शुभवर्तमानात दोनदा सांगितलं, म्हणून कोणी कोणाची पूजा करावी असा त्याचा अर्थ होत नाही. बाईंचं मन तयार नव्हतं, आणि प्रेषित पौलही विवेकाला जपायला सांगतो. त्यांनी आजीला सरळ सांगितलं: "आजी, माझ्या हातून दिवा लागायचा नाही, पण अंधार राहू देणार नाही." आता समोरची शाळकरी पोर सात वाजता दिवा लावून जाते. तक्त्यात सातच्या रकान्यात बाईंनी स्वतःच लिहिलंय: डावी कूस. त्या कुशीवरून देव्हारा दिसतो.