सगळं वाचलेल्या मित्राला काय सुचवावं?

तुमचा ठाण्यातला मित्र दांडगा वाचक आहे, त्याला आवडीची पुस्तकं सुचवायचीत, पण जे नाव काढाल ते त्यानं आधीच वाचलेलं असतं, असं तुम्ही लिहिलंय. अशा वाचकासाठी अनोळखी नावं धुंडाळत बसू नका. त्याला जे आवडलंय, त्याच्या अगदी शेजारचं पुस्तक द्या.

त्याला विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) फार आवडते म्हणालात. मग त्यांच्या पत्नी मालतीबाईंची 'बळी' (१९५०) वाचलीय का, ते विचारा. विभावरी शिरूरकर या त्यांच्या टोपणनावाशी बरेच जण 'कळ्यांचे निःश्वास' एवढंच जोडतात. मालतीबाई सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये अधिकारी होत्या. सरकारनं गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तिथं तारेच्या कुंपणात ठेवलेलं असे. ते जिणं जवळून पाहून त्यांनी ही कादंबरी लिहिली. मला ती 'रणांगण'इतकीच मोठी वाटते.

दुसरं, गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'. तो म्हणेल, वाचलंय. कोणती प्रत, ते विचारा! पेण तालुक्यातल्या वरसईचे हे भिक्षुक घरचं कर्ज फेडायला, दानदक्षिणेच्या आशेनं उत्तरेत गेले आणि १८५७च्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून अनुभवला. पुस्तक १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापलं, पण भाषेवर हात फिरवून आणि काही मजकूर गाळून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम प्रत दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली. वैद्यांची वाचलेली असेल तर पोतदारांची द्या. भटजींची स्वतःची बोली, त्यांची भीती, खाण्यापिण्याची आणि पैशाची काळजी त्यात जशीच्या तशी भेटते. मुरलेल्या वाचकाला दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचण्यात जो आनंद मिळेल, तो नव्या कोऱ्या पुस्तकातही क्वचितच मिळतो.

लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' मात्र त्यानं सलग वाचलंय की शाळेतल्या धड्यापुरतंच, हे जरूर विचारा. धड्यापुरतंच असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी तेच द्या.

जुन्या प्रती दुकानात मिळतीलच असं नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३पासूनचं आहे, तिथं आधी चौकशी करा. आणि सगळी पुस्तकं एकदम नेऊन देऊ नका. 'बळी' द्या, ती वाचून त्याचा फोन आला की मग गोडसे भटजी.