काकांची जुनी बाइंडिंग नव्या स्कीवर बसवू का?

नको रे भो. दिसायला झकास आहेत, पण गुलमर्गला नेऊ नकोस. बाइंडिंग म्हणजे स्कीवरची बुटाची पकड; तिने बूट घट्ट धरायचा असतो आणि पडताना वेळेवर सोडायचाही असतो. नाही सोडला तर नडगी नाहीतर गुडघा गेलाच समज. आत स्प्रिंग आणि प्लास्टिक. जळगावात पत्र्याखालच्या माळ्यावर इतके उन्हाळे काढलेलं प्लास्टिक ठिसूळ होणारच. डीआयएनचा आकडा (बूट किती जोराला सुटावा ते ठरवणारा) बरोबर लावलास, तरी बूट तेवढ्याच जोराला सुटेल याची खात्री कोण देणार?

ब्रेकचीही अडचण आहे, म्हणजे बूट सुटल्यावर खाली उतरून स्की थांबवणारे दांडे. जुन्या स्की मधोमध ६५ मिलिमीटरच्या आसपास रुंद असायच्या, आताच्या ८० ते १०० सहज असतात. जुन्या ब्रेकचे दांडे त्यांच्या बाहेरून उतरत नाहीत. ग्रिपवॉक तळाचा (चालायला सोपा, वाकडा रबरी तळ) बूट घेतलास तर तो जुन्या पकडीत नीट बसणारही नाही.

कंपनीने हमी बंद केलेलं मॉडेल चांगला दुकानदार बसवून देत नाही. त्याच्याशी हुज्जत घालू नकोस. पहिल्या वर्षी सगळं भाड्याने घे आणि वजन खरं सांग (लाजायचं काय त्यात!), कारण डीआयएनचा आकडा त्यावरूनही ठरतो. काकांची जोडी बैठकीत भिंतीवर टांग.