टॅब दिसून नाही राहिला? फोनवरून टॅबवर फाईल पाठवायच्या तुमच्या अडचणी

या वेळेस आलेल्या पत्रांत फोन अन् टॅबच्या मधात फाईल पाठवायचेच प्रश्न जास्त आहेत, म्हणून बाकीचे पुढच्या अंकावर ठेवले अन् हा अख्खा कॉलम यालाच दिला. उत्तरं वाचायच्या आधी एक पाहून घ्या, की टॅब तुमच्या फोनला दिसतच नाही, का दिसतो पण फाईल जात नाही. ही दोन वेगळी दुखणी आहेत. लोक दोन्हीवर एकच इलाज करतात, फोन बंद करून चालू, अन् तेवढ्यानं नाही झालं की वैतागून सोडून देतात.

प्रश्न : भाचीच्या लग्नाचे फोटो अन् व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आहेत, सासूबाईंना मोठ्या स्क्रीनवर पाहायचे म्हणतात. क्विक शेअर उघडलं की नुसतं शोधूनच राहते, टॅब काही दिसत नाही. मुलगा म्हणते टॅब जुना झाला, नवीन घेऊन टाक. घ्यायचा का? (गृहिणी, त्रिमूर्तीनगर)

ताई, यासाठी तरी बिलकुल घेऊ नका. अँड्रॉइड ६ किंवा त्याच्या पुढचं काहीही असलं तरी क्विक शेअर, म्हणजे जवळच्या डिव्हाइसवर फाईल पाठवायची अँड्रॉइडची सोय, मिळते, म्हणजे तुमचा टॅब नुसता जुना आहे म्हणून अडलं असं सहसा होत नाही.

क्विक शेअरमध्ये कामं दोन वेगवेगळी असतात. जवळपास कोण आहे हे शोधायचं काम ब्लूटूथचं, अन् टॅबवर तुम्ही ॲक्सेप्ट दाबलं की पुढं फाईल वाहून न्यायचं काम वायफायचं. दोन्ही डिव्हाइस एकमेकांना थेट जोडले जातात, घरचं नेट बंद असलं तरी चालतं. म्हणून दोन्हीकडं ब्लूटूथ पण चालू पाहिजे अन् वायफाय पण. टॅबचं ब्लूटूथ बॅटरी वाचवायला म्हणून कोणीतरी कधीतरी बंद केलेलं असतं, वरती वायफायची खूण दिसत असते, त्यामुळं सगळं चालू आहे असं वाटून जातं.

ते चालू असेल तर मग टॅबवर क्विक शेअरच्या सेटिंगमध्ये जा अन् तुम्हाला कोण पाहू शकतं ते बघा. तिथं 'युवर डिव्हाइसेस' निवडलेलं असेल तर एकाच गूगल अकाउंटचे फोन-टॅबच एकमेकांना दिसतात, अन् घरातला टॅब बहुतेक वेळा मुलाच्या जीमेलवर चालू केलेला असतो, तुमचा फोन तुमच्या जीमेलवर, मग दिसणार कसा? 'कॉन्टॅक्ट्स' ठेवलं तर एकमेकांचा नंबर किंवा ईमेल सेव्ह असावा लागतो. त्यापेक्षा सरळ 'एव्हरीवन' करा. फक्त हे सहसा दहाच मिनिटं टिकतं अन् मग आपोआप बंद होतं, तर आधी फोनवर फोटो निवडून तयार ठेवा अन् मग टॅबवर एव्हरीवन दाबा, उलटं केलं तर फोटो निवडता निवडताच वेळ संपते. टॅबची स्क्रीन चालू अन् लॉक उघडलेलं ठेवा.

एवढं करूनही दिसला नाही तर टॅबचं लोकेशन चालू करून पाहा. लोकेशनचा फाईलशी काय संबंध असं वाटेल, पण अँड्रॉइड ११ पर्यंत आजूबाजूचं ब्लूटूथ अन् वायफाय शोधायला लोकेशन चालू असणं लागायचंच, त्याची वेगळी 'निअरबाय डिव्हाइसेस' परवानगी अँड्रॉइड १२ पासून आली. बॅटरी सेव्हर दोन्हीकडं काढा, फोनचा हॉटस्पॉट चालू असेल तर तोही बंद करा.

आणखी एक, टॅबवर 'क्विक शेअर' हे नावच सापडत नसेल अन् 'निअरबाय शेअर' दिसत असेल तर घाबरू नका, ते हेच आहे. गूगलनं ऑगस्ट २०२० मध्ये ते निअरबाय शेअर नावानं आणलं अन् जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगच्या क्विक शेअरसोबत एक करून नाव बदललं. याचा अर्थ तुमचा टॅब पुष्कळ दिवस कपाटात पडून होता, अपडेट झालेला नाही. वायफायला जोडून, चार्जिंगला लावून प्ले स्टोअर अन् गूगल प्ले सर्व्हिसेस अपडेट होऊ द्या. रात्रभर राहू द्या अन् सकाळी पाहा.

अन् व्हॉट्सॲपवरून पाठवायचं कोणी सुचवलं तर लग्नाच्या फोटोंसाठी तरी ऐकू नका, नेहमीच्या पद्धतीनं पाठवले की ते फोटो दाबून लहान करते, मोठ्या स्क्रीनवर चेहरे पुसट दिसतात. पाठवायचेच झाले तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

प्रश्न : होस्टेलच्या वायफायवर माझा फोन अन् टॅब दोन्ही जोडलेले आहेत, दोन्हीत लोकलसेंड (एकाच वायफायवरून फाईल पाठवायचं ॲप) टाकलं, तरी एकमेकांना दिसत नाहीत. घरी गेलो की त्याच दोघांत धडाधड चालते. (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, हिंगणा रोड)

भाऊ, तुझं निम्मं उत्तर तुझ्याच पत्रात आहे, घरी चालते म्हणजे फोन-टॅब ठीक आहेत. होस्टेल, कॉलेज, हॉटेल, हॉस्पिटल अशा ठिकाणच्या वायफायमध्ये बहुतेकदा एक सेटिंग लावलेली असते, क्लायंट आयसोलेशन म्हणतात तिला. तिच्यामुळं प्रत्येकाला इंटरनेट मिळतं पण एका वायफायवरची दोन डिव्हाइस आपसात बोलू शकत नाहीत. शेकडो पोरं एकाच नेटवर्कवर असताना कोणी दुसऱ्याच्या लॅपटॉपमध्ये शिरू नये म्हणून ती लावतात अन् लावायलाच पाहिजे, तर वॉर्डनशी भांडायला जाऊ नको. घरच्या राउटरवरही 'गेस्ट' नावाचं नेटवर्क असलं तर तिथं हेच होते.

तू एवढं कर, फोनचा हॉटस्पॉट चालू कर अन् टॅब त्यालाच जोड, मग लोकलसेंड उघड. यात फाईल फोनवरून थेट टॅबवर जाते, तुझा मोबाईल डेटा त्यात खर्च होत नाही. पण लक्ष ठेव, टॅबला नेट मिळालं म्हणून तो मागच्या मागं अपडेट ओढायला लागला तर तो डेटा मात्र जाईल, म्हणून पाठवेपर्यंत फोनचा मोबाईल डेटा बंदच ठेव. टॅबला हॉटस्पॉट दिसतच नसेल तर फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये बँड ५ गिगाहर्ट्झ असेल, तो २.४ कर, स्वस्तातल्या कितीतरी टॅबना ५ चं नेटवर्क दिसतच नाही. अन् व्हीपीएन लावून ठेवायची सवय असेल तर तेवढ्यापुरतं काढ, ते चालू असलं की जवळचं डिव्हाइस सापडत नाही.

प्रश्न : मी लग्नाचं शूटिंग करतो. पार्टीला दाखवायला फोनवरून टॅबच्या मेमरी कार्डवर व्हिडिओ टाकतो. लहान जातात, मोठा गेला की शेवटी शेवटी फेल होते. उन्हाळ्यात तर लहान पण अडकतात. (व्हिडिओग्राफर, इतवारी)

दादा, तुमच्याकडं टॅब दिसतो अन् सुरुवातही होते, म्हणजे शोधायचा भाग बरोबर आहे, तिकडं काही हात लावू नका. मोठाच फेल होत असेल तर आधी मेमरी कार्ड बघा. ३२ जीबी किंवा त्याच्या आतली कार्डं सहसा फॅट ३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेली असतात अन् त्यात एक फाईल ४ जीबीच्या वर जाऊच शकत नाही, कार्डात जागा कितीही रिकामी असली तरी. फाईल टॅबच्या आतल्या मेमरीत घ्या, किंवा ६४ जीबीचं कार्ड टाका, ते एक्सफॅट असते अन् त्याला ही मर्यादा नाही, फक्त टॅब ते वाचतो का एवढं आधी तपासा. जुन्या कार्डातलं सगळं दुसरीकडं काढल्याशिवाय फॉरमॅट करू नका, लोकांच्या लग्नाचा माल आहे तो, परत शूट होत नाही.

पाठवत असताना ब्लूटूथचं शेअर तर निवडत नाही ना, हेही पाहा. ब्लूटूथचा कागदावरचा वेगच सेकंदाला ३ मेगाबिट आहे, हातात पडतो २ च्या आसपास, म्हणजे १ जीबीला तासाभराच्या वर लागते. तेवढ्यात कोणाचा तरी फोन येतो, स्क्रीन बंद होते, कोणी टॅब घेऊन दुसऱ्या खोलीत जाते. वायफायनं तेच काम काही मिनिटांत होते.

उन्हाळ्याचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे अन् ते हसण्यावारी नेऊ नका. ॲपल आपल्या आयफोन-आयपॅडसाठी ० ते ३५ अंशाचं वातावरण सांगते, अन् मे महिन्यात आपल्या नागपुरात दुपारी पारा ४५ च्या घरात असतो. बाकीच्यांचे फोनही त्या गरमीत वेगळं वागत नाहीत. फोन तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, चार्जिंग थांबवतो, कधी चालू काम सोडून देतो. पाठवताना चार्जरला लावू नका, जाड कव्हर काढा, गाडीच्या डॅशबोर्डवर तर ठेवूच नका. कूलर लागलेल्या खोलीत बसून, शक्यतो सकाळीच हे काम उरकून घ्या. कूलरच्या अगदी तोंडापुढं मात्र ठेवू नका, ती हवा ओली असते.

प्रश्न : फोन अँड्रॉइड, टॅब म्हणजे मुलीनं पाठवलेला आयपॅड. ब्लूटूथ जोडायला जातो तर पेअर झालं म्हणतं, पण फोटो जात नाही. (निवृत्त शिक्षक, धरमपेठ)

सर, तुमचं काही चुकत नाही. आयपॅडचं ब्लूटूथ कीबोर्ड, हेडफोन अशा गोष्टींसाठी आहे, अँड्रॉइडकडून ब्लूटूथनं फाईल तो घेतच नाही. दोन्हीकडं लोकलसेंड टाका, फुकट आहे, जाहिराती नाहीत, अन् दोन्ही घरच्या एकाच वायफायवर ठेवा. पहिल्यांदा उघडल्यावर आयपॅड विचारेल की लोकल नेटवर्क वापरू द्यायचं का, तिथं 'अलाऊ' दाबा. नको म्हटलं गेलं असेल तर सेटिंग्ज, प्रायव्हसी, लोकल नेटवर्क इथं जाऊन लोकलसेंडसमोरचं बटण चालू करा, इथंच बहुतेकांची गाडी अडते. नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगलनं पिक्सेल १० फोनपासून क्विक शेअरला एअरड्रॉपशी, म्हणजे ॲपलच्या अशाच सोयीशी, जोडायला सुरुवात केली, तुमचा फोन त्यातला असला तर आयपॅडवर एअरड्रॉप 'एव्हरीवन फॉर टेन मिनिट्स' करून सरळ पाठवता येईल.

प्रश्न : पूर्वी शेअरइटनं एका झटक्यात जायचं. एकानं त्याची एपीके फाईल (प्ले स्टोअरशिवाय ॲप टाकायची फाईल) दिली आहे, टाकू का? (दुकानदार, सदर)

नका टाकू, कळकळीनं सांगतो. शेअरइट अन् झेंडर ही दोन्ही ॲप २९ जून २०२० ला सरकारनं बंदी घातलेल्या ५९ ॲपच्या यादीत आहेत. प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेल्या एपीकेत कोणी काय मिसळलं ते बाहेरून कळत नाही, अन् तुमच्या त्याच फोनवर बँक अन् यूपीआय आहे. क्विक शेअर फोनमध्ये आधीच आहे, ते वापरा.

प्रश्न : मेट्रोत सीताबर्डीला गाडी बदलताना फोनवर अनोळखी माणसाकडून आलेला फोटो घ्यायचा का असं विचारत होतं. हॅक झाला का? (नोकरदार ताई, खापरी)

नाही झाला. तुमच्या फोनचं शेअरिंग सगळ्यांसाठी उघडं राहिलं होतं अन् जवळच्या कोणीतरी पाठवून पाहिलं. तुम्ही ॲक्सेप्ट केल्याशिवाय काहीच आत येत नाही, तर डिक्लाइन दाबा अन् सेटिंगमध्ये 'युवर डिव्हाइसेस' करून टाका. घरच्या टॅबवर पाठवायचं असेल तेव्हा घरी बसून उघडा.