हुलिओ एस्त्रादा यांचं संगीत ऐकायला सुरुवात कुठून करावी?

‘एउआ'ऑन’ (१९८०) पासून करा. मेक्सिको सिटीत १९४३ साली जन्मलेले एस्त्रादा हे संगीतकारही आणि संगीतशास्त्रज्ञही. पॅरिसमध्ये संगीतकार यानिस झेनाकिसच्या यूपिक यंत्रावर, म्हणजे रेखाटनाचा आवाज करणाऱ्या संगणकावर, त्यांनी ही रचना चक्क पेनने रेखाटली. फलकावर आडवा अक्ष काळाचा, उभा स्वराच्या उंचीचा. रेघ चढली की स्वर चढतो, मध्ये पायऱ्या नाहीत. मींड कानात मुरलेल्या आपल्या श्रोत्याला हे लवकर उमगेल. सुरावट शोधत बसलात तर मात्र गोंगाटच वाटेल. एकच रेघ धरा आणि ती दाट होते की विरळ, तेवढं ऐका.

मग चेलोसाठीची (व्हायोलिनच्या कुळातलं मोठं, खर्जातलं वाद्य) ‘यूनोहुई'येई’ ऐका. तिच्यात स्वर, गजाचा दाब, गजाची जागा, कंप यांच्या खुणा वेगवेगळ्या लिहिल्यात. वादकाने आधी एकेक ओळ सुटी बसवावी. सगळं एकदम वाचायला गेलं की स्वर तेवढे वाजतात, दाब सपाट होतो आणि रचनेचा प्राणच जातो.

मेक्सिकन लेखक हुआन रुल्फोच्या ‘पेद्रो पारामो’ या कादंबरीवरचा ऑपेरा ‘मुर्मुयोस देल पारामो’ (माद्रिद, २००६) शेवटी ठेवा, पण आधी कादंबरी वाचाच.