वय ३८, वजन ९२ किलो, व्यायामाची सवय अजिबात नाही. मार्शल आर्ट्सचा कोणता क्लास लावू?

तुम्ही लिहिलंय की बैठ्या कामाने वजन वाढलंय, दोन जिने चढले की दम लागतो, आणि कराटे, ज्युदो, बॉक्सिंग यांतलं काय निवडावं ते कळत नाही. शिवाय आधी वजन उतरवावं आणि मग क्लास लावावा का, असंही विचारलंय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. वजनासाठी थांबू नका. चालून-पळून कमावलेला दम मॅटवर अर्धाच कामाला येतो, मॅटवरचा दम मॅटवरच तयार होतो. मात्र बीपी, शुगर किंवा हृदयाचा काही त्रास असेल, किंवा चालताना छातीत दडपल्यासारखं होत असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. यात चालढकल करू नका.

मी स्वतः चाळिशीत ज्युदो शिकायला लागलो आणि आता मोठ्या माणसांच्या नवीन बॅचला सरांना मदत करतो. तिथे जे दिसतं त्यावरून माझं मत पक्कं झालंय. कोणती कला, हे नंतर बघा. त्या क्लासमध्ये सगळ्यात कच्च्या माणसाला कसं वागवतात, ते आधी बघा.

त्यासाठी बॅचच्या वेळेला जाऊन पूर्ण तासभर नुसतं बसा. बसू देत नसतील तर तिथूनच परत फिरा. ब्लॅक बेल्टवाल्यांच्या उंच किक बघत बसू नका, शेवटच्या रांगेतल्या घामाघूम माणसावर नजर ठेवा. आपल्याकडे बऱ्याच क्लासांत वॉर्मअपला बेडूकउड्या आणि बदकचाल असते. नव्वदी पार केलेल्या माणसाच्या गुडघ्यांना ती झेपत नाही. तो थांबला की सर त्याला भिंतीला धरून अर्ध्या बैठका मारायला सांगतात, सगळ्यांसमोर ओरडतात, की त्याच्याकडे बघतही नाहीत? नंतर जोड्या कशा लावतात ते बघा. चांगला सर नवख्याला सगळ्यात जुन्या, शांत माणसाकडे सोपवतो. दोन नवखे एकमेकांना भिडले की जोर कुठे आवरायचा हे दोघांनाही माहीत नसतं, आणि दुखापती तिथेच होतात. मुलांच्या बॅचमध्येच मोठ्यांना उभं करणारा क्लास मी तरी सुचवणार नाही.

आता पडण्याबद्दल, कारण तुमच्या वजनाला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. मागे तोल गेला की माणूस आपसूक हात मागे टेकवतो. अंगाचा सगळा भार तळव्यावर येतो आणि मनगट मोडतं. ज्युदोत म्हणून सुरुवात उकेमीने, म्हणजे पडण्याच्या सरावाने होते. आधी उकिडवं बसायचं. हनुवटी छातीला टेकवायची, नजर आपल्याच बेल्टच्या गाठीवर. पाठ गोल करून मागे लोळायचं आणि पाठ मॅटला लागते त्याच क्षणी दोन्ही हात, तळवे खाली करून, अंगापासून साधारण ४५ अंशांवर मॅटवर आपटायचे. श्वास सोडत. नजर गाठीवर राहिली की डोकं मागे जात नाही, त्यामुळे ते आपटत नाही. हे जमलं की अर्धवट उभं राहून, मग पूर्ण उभं राहून, आणि त्यानंतरच दुसऱ्याने टाकायचं. या पायऱ्या गाळून पहिल्याच आठवड्यात तुम्हाला कुणी फेकत असेल, तर तो क्लास सोडा. नीट शिकलात तर पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवर पाय घसरेल तेव्हाही हेच कामाला येईल. माझ्या मते सामान्य माणसाला लागणारं सगळ्यात मोठं स्वसंरक्षण हेच.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोडोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. ते स्वतः अंगाने किरकोळ होते. जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले जीवघेणे डाव त्यांनी मोकळ्या सरावातून बाजूला ठेवले, म्हणून ज्युदोत दोघांना पूर्ण जोर लावून खेळता येतं. मोठ्या माणसाने सुरुवात करायला ही रचना मला फार चांगली वाटते. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. नवख्यांची दमछाक टाकण्या-पडण्यापेक्षा पुन्हा पुन्हा उठण्याने होते. तासाभरात कितीतरी वेळा जमिनीवरून उठावं लागतं. आजपासून घरी सतरंजीवर बसून उठायचा सराव करा, सावकाश, एकदा डावा पाय पुढे, एकदा उजवा. हात टेकावा लागला तर टेका. क्लास लावेपर्यंत एवढी तयारी पुरे.

ब्राझिलियन जिऊ-जित्सू शहरांत आता बऱ्यापैकी मिळतं. तिथे बराचसा खेळ जमिनीवर चालतो, त्यामुळे उंचावरून आपटण्याचे प्रसंग कमी, आणि नको झालं की हाताने दोनदा थोपटायचं, समोरचा लगेच सोडतो. तो खरंच लगेच सोडतो का, हे त्या बघण्याच्या तासात नक्की तपासा.

कराटे वयाबरोबर छान चालतं. कराटेचे नावाजलेले गुरू गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये ओकिनावाहून टोकियोला कराटे दाखवायला गेले तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा एकट्याने करायचा क्रम, आपल्या दमाने करता येतो, हा मोठा फायदा. पण शैली विचारून घ्या, क्योकुशिन असेल तर अंगावर खरे ठोसे बसतात. किक मारताना टेकलेल्या पायाकडे लक्ष द्या. राउंडहाउसला, म्हणजे बाजूने वळवून मारायच्या किकला, तो पाय चवड्यावर वळून टाच समोरच्याच्या दिशेला यायला हवी. पाय मॅटला चिकटून राहिला आणि अंग वळलं की सगळा पीळ गुडघ्यात जातो. तायक्वांदोत उंच किकवर भर असतो, म्हणून आखडलेल्या कमरेने तिथून सुरुवात करू नका.

बॉक्सिंगचा दम जबरदस्त असतो. तीन मिनिटांचा राउंड, एक मिनिट विश्रांती, आणि तीन मिनिटं किती लांब असतात ते पहिल्याच दिवशी कळतं. बॅग आणि पॅडवर मनसोक्त मारा, हँडरॅप, म्हणजे हाताला गुंडाळायची पट्टी, नीट बांधायला शिका, दोरीवरच्या उड्या सुरुवातीला कमी ठेवा, नाहीतर नडग्या धरतात. डोक्यावर मार खाण्याचं स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराशी लढण्याचा सराव, मात्र सरळ नाही म्हणून टाळा. ऑफिसात डोक्याने काम करणाऱ्याला त्याची गरज नाही, आणि हे ज्यांना पटत नाही त्यांच्याकडे जाऊ नका.

कुस्तीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी तालमीत जा म्हणेलच. तालमीची मेहनत पोरवयापासून अंगात मुरवायची असते, अडतिशीत थेट मातीत उतरून मान दुखावून घेऊ नका. त्यापेक्षा जवळ लाठीकाठी शिकवणारे कुणी असतील तर जरूर जा. कोल्हापूरकडे मर्दानी खेळ अजून जोमात आहेत, इतर शहरांतही वर्ग चालतात. पडणं नाही, अंगाला अंग भिडवणं नाही, खांदे-मनगटं मोकळी होतात, पायांना चाल येते. ज्यांना कुणाच्या अंगाशी झटायला संकोच वाटतो त्यांना मी आधी तिकडेच पाठवतो.

पैशांचं थोडक्यात: वर्षाची फी एकरकमी भरू नका, महिन्याची भरा. ग्रेडिंगची, म्हणजे बेल्टच्या परीक्षेची फी, ड्रेस आणि संघटनेची वर्गणी वेगळी असते, ती पहिल्याच दिवशी विचारा. अमुक महिन्यांत ब्लॅक बेल्ट देतो म्हणणाऱ्याकडे बेल्ट मिळेल, कला मिळणार नाही. आणि क्लास घरापासून किंवा ऑफिसपासून जवळ हवा. ट्रॅफिकमध्ये तास घालवून कुणीही वर्षभर जात नाही.

सुरुवातीला आठवड्यातून दोनच दिवस जा, मध्ये दोन दिवस सोडून. मांड्या-पोटऱ्या दोन दिवस ठणकणं ठीक, पण सांधा दुखला किंवा सुजला तर थांबा आणि सरांना सांगा. नखं कापून जा, क्लास संपला की लगेच आंघोळ करा, ड्रेस दर वेळी धुवा. मॅटवरून नायटा पसरतो. शुगर असेल तर रोज रात्री तळपाय तपासा, कारण सराव अनवाणी असतो.

गुडघा किंवा कंबर आधीच दुखावलेली असेल तर कमेंटमध्ये लिहा, त्याप्रमाणे काय टाळायचं ते सांगतो.