गडवाटांसाठी जुनी गाडी घेतोयस तर

साम्रद, पाचनई अशा गडांच्या पायथ्याच्या गावांकडे जायला फोर बाय फोरच्या, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीच्या, मागे लागू नकोस. तिथवर रस्ता आहे, खड्ड्यांचा असला तरी. १८० मिमी ग्राउंड क्लिअरन्सची (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची) मारुतीची पेट्रोल इग्निस पुरते आणि अ‍ॅव्हरेजही चांगलं देते. नेहमीच चार माणसं, तंबू आणि घाट असतील तर रेनोची १.५ लिटर डिझेल डस्टर बघ; ही डिझेल डस्टर २०२० मध्ये बंद झाली, म्हणजे मिळेल ती जुनीच; म्हणून इंजिनातला टायमिंग बेल्ट (ठरावीक काळानं बदलावा लागणारा पट्टा) बदलल्याचं बिल मागच.

खरी गाडी खालून कळते. गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवून चेसिसचा गंज, फाटलेले सीव्ही बूट (चाकांकडे जाणाऱ्या अ‍ॅक्सलच्या सांध्यांवरची रबरी आवरणं), गळके शॉकअब्सॉर्बर नीट पाहा. समुद्रकाठी वापरलेली असेल तर दुप्पट काळजीनं. टचस्क्रीनला भुलू नकोस, माझं ऐक. ते पैसे चार नव्या टायरांसाठी ठेव, पाचवा स्टेपनीचाही.