जर्मनी आणि भारत दोन्ही संसदीय संघराज्यं आहेत. मग जर्मनीत राज्यांना खरंच जास्त अधिकार आहेत का?

हो, आहेत. पण नुसता सांगाडा पाहून ते कळत नाही, कारण तो ओळखीचाच वाटतो. राष्ट्राध्यक्षाला मान मोठा, पण रोजच्या कारभारात हात नाही. सरकारप्रमुख म्हणजे चान्सलर; त्याला खालचं सभागृह, बुंडेस्टाग, निवडतं. राज्यं 16, प्रत्येकाचं आपलं विधिमंडळ आणि मुख्यमंत्री. फरक आहे तो कायदा राबवतो कोण यात.

मी उल्मला राहतो. डॅन्यूबच्या अलीकडे उल्म, बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात. पूल ओलांडला की नोयउल्म, म्हणजे बव्हेरिया. आयकराचा कायदा देशभर एकच. तरी माझं विवरणपत्र उल्मच्या ज्या कर कार्यालयात जातं ते राज्य सरकारचं आहे, आणि नदीपलीकडे राहणाऱ्या सहकाऱ्याचं विवरणपत्र बव्हेरिया सरकारचे कर्मचारी तपासतात. आपल्याकडे आयकर खातं थेट केंद्राचं. इथे वसुली राज्यं करतात आणि वाटणी ठरलेली आहे: 42.5 टक्के केंद्राला, तेवढेच राज्यांना, उरलेले 15 टक्के गावांना आणि शहरांना. शाळा तर पूर्णपणे राज्यांच्या. उल्ममधल्या मुलांचा अभ्यासक्रम आणि सुट्ट्या श्टुटगार्टला ठरतात, नोयउल्ममधल्या मुलांच्या म्युनिकला. सैन्य, परराष्ट्र खातं, सीमाशुल्क अशा मोजक्याच ठिकाणी केंद्राची स्वतःची यंत्रणा आहे.

आता राबवायचं आम्ही, तर ठरवतानाही आम्हाला विचारा, असं राज्यं म्हणणारच. त्यासाठी बुंडेसराट आहे. याला पुष्कळ जण जर्मनीची राज्यसभा म्हणतात, मला ते पटत नाही. राज्यसभेत आमदारांनी निवडलेले खासदार सहा वर्षांसाठी जातात आणि बहुतेकदा पक्षादेशाप्रमाणे मत देतात. बुंडेसराटमध्ये राज्याचे मुख्यमंत्री आणि मंत्रीच बसतात. राज्यात सरकार बदललं की तिथली माणसंही बदलतात. एकूण मतं 69. जेमतेम 7 लाख वस्तीच्या ब्रेमेनला 3, तर पावणेदोन कोटींहून मोठ्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियाला 6. राज्यसभेत उत्तर प्रदेशाचे 31 आणि गोव्याचा 1, हे आठवून पाहा.

शिवाय एका राज्याची सगळी मतं एकाच बाजूला पडावी लागतात. 22 मार्च 2002 ला स्थलांतर कायद्याच्या मतदानात यावरूनच मोठा गोंधळ झाला. कायद्याचं भवितव्य ब्रांडेनबुर्गच्या 4 मतांवर अडलं होतं आणि त्या राज्यात परस्परविरोधी पक्षांची आघाडी होती. एक मंत्री ‘हो’ म्हणाला, गृहमंत्री शोनबोम ‘नाही’ म्हणाले. सभाध्यक्ष वोवेराइट यांनी मुख्यमंत्री श्टोल्पे यांना पुन्हा विचारलं, ते ‘हो’ म्हणाले, आणि चारही मतं होकारात धरली गेली. विरोधी राज्यांनी सभागृह दणाणून सोडलं. प्रकरण कार्ल्सरूएच्या घटना न्यायालयात गेलं आणि डिसेंबरमध्ये निकाल आला: राज्याचं मत एकमुखी नव्हतं, म्हणून कायदाच रद्द. सगळ्याच कायद्यांना बुंडेसराटची संमती लागते असं नाही. पण राज्यांचा महसूल किंवा प्रशासन यांना हात लावणारे बरेच कायदे तिच्याशिवाय होत नाहीत, आणि घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात.

चान्सलरबद्दल एकच गोष्ट सांगतो. त्याला हटवायचं तर विरोधकांना त्याच ठरावात नवा चान्सलर निवडावा लागतो. 1919 ते 1933 या काळात सरकार पाडायला एकत्र येणारे पक्ष पुढचं सरकार बनवायला एकत्र येत नसत, त्याचा हा धडा. 1982 मध्ये श्मिट जाऊन कोल आले ते याच वाटेनं, आणि हा मार्ग आजवर यशस्वी झाला तो तेवढ्या एकाच वेळी. आपल्याकडे एप्रिल 1999 मध्ये वाजपेयी सरकार एका मतानं पडलं आणि पर्यायी सरकार कुणालाच जमवता आलं नाही. जर्मनीत चान्सलर स्वतःहून विश्वासमत मागून हरू शकतो, डिसेंबर 2024 मध्ये शोल्त्स हरले तसे. पण विरोधकांना नुसतं पाडून मोकळं होता येत नाही.

तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात ठाम उत्तर मला राज्यांच्या सीमांमध्ये दिसतं. आपल्याकडे संसद साध्या बहुमतानं राज्याचे तुकडे करू शकते. विधानसभेचं मत मागवावं लागतं, मानावं लागत नाही. आंध्रच्या विधानसभेनं विधेयक फेटाळलं, तरी 2014 मध्ये तेलंगणा झालं. त्याबद्दल तुमचं मत काहीही असो, निर्णय दिल्लीचा होता. जर्मनीत 1996 मध्ये बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग ही राज्यं एक करायचं दोन्ही सरकारांनी ठरवलं, दोन्ही विधिमंडळांनी मान्यता दिली. मग जनमत घेतलं. बर्लिननं होकार दिला, ब्रांडेनबुर्गच्या मतदारांनी नाकारलं. विलीनीकरण तिथेच संपलं.